थोरल्यांची बरणी

दुरुस्तीवाला आतल्या खोलीत गेला तो गेलाच. काउंटरवर काचेचं भांडं, भांड्यात बर्फाचं पाणी आणि पाण्यात शेजारी शेजारी उभे दोन थर्मामीटर. एक तिचा. दुसरा तिच्या बाजूला ताटकळत असलेल्या, गळणारी छत्री कुठे टेकवावी हे न सुचलेल्या माणसाचा.

ती वाकून पाहू लागली. तोही वाकला. डोक्याला डोकं लागता लागता राहिलं.

“तुमचा बरोबर शून्यावर आहे,” तो म्हणाला.

“आणि तुमचा शून्याच्या वर.”

“थोडासाच.”

“चार दशांश. थोडासा म्हणजे किती, हे कळावं म्हणूनच तर लोक इथे येतात.”

तो हसला. छत्रीतून एक ओहोळ त्याच्या बुटात शिरत होता, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. “एवढं काटेकोर काय मोजता तुम्ही?”

“पाणी कधी रुसतं ते.”

“पाणीसुद्धा रुसतं?”

“तापवलं की कोणीही रुसतं.”

“मग समजूत कशी काढता?”

“काढत नाही. निवू देते…” ती म्हणाली, आणि आपण एका परक्या माणसाशी इतकं बोलतोय याचं तिलाच नवल वाटलं.

“थर्मामीटर कुणाचा आहे? म्हणजे, पट्टीवर अक्षर फार सुंदर आहे.”

“वडिलांचा.”

“जपून वापरलाय. काचेवर एक ओरखडा नाही.”

एवढंच. दुरुस्तीवाला आला, ती आपला थर्मामीटर कापसात गुंडाळून बाहेर पडली. वळणापर्यंत गेल्यावर एका दुकानाच्या काचेत तिला एक हसरी बाई दिसली, आणि ती आपणच आहोत हे ओळखायला क्षणभर लागला. आठ महिन्यांत ही बाई दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि प्रमुखबाईंच्या मागून तीच छत्री आत आली.

“हे पडताळणीसाठी आलेत,” प्रमुखबाई म्हणाल्या. बाई म्हणजे तिथल्या सर्वेसर्वा. त्या कधी एक शब्द जास्तीचा खर्च करत नसत. “थोरल्यांचे सगळे आकडे स्वतःच्या हाताने पुन्हा काढतील. धाकटे, तुझ्या शेजारचं टेबल यांना दे.”

थोरले म्हणजे तिचे बाबा, आणि धाकटी म्हणजे ती. बापलेक एकाच खोलीत काम करायला लागले तेव्हा कुणीतरी गमतीने ठेवलेली ही नावं. पुढे खरी नावं हजेरीपत्रकापुरतीच उरली. आठ महिन्यांपूर्वी थोरले गेले. धाकटी मात्र धाकटीच राहिली.

“आपण काल…” तो म्हणाला.

“हो,” ती म्हणाली. “काल.”

आणि कालचं ते हसू जिथल्या तिथे विरजलं. माणूस पडताळणीला येतो, आणि आदल्या दिवशी नेमका त्याच दुकानात, नेमका तिच्याच शेजारी येऊन उभा राहतो? थर्मामीटर कुणाचा म्हणून चौकशी करतो? अक्षर म्हणे सुंदर!

तिच्या संशयाला कारण होतं.

थोरल्यांनी आयुष्यभर एकाच गोष्टीचा पिच्छा पुरवला होता — फांद्याफांद्यांचं एक पॉलिमर. साध्या पॉलिमरचा रेणू लांबलचक दोऱ्यासारखा असतो, याचा झाडासारखा. फांदीला फांदी, तिला आणखी फांदी. गार पाण्यात हे झाड सुखाने विरघळतं, पाणी काचेसारखं नितळ दिसतं. पाणी तापवत न्या, चौतीस अंशांवर आलं की बघता बघता दुधाळ होतं. फांद्यांनी धरून ठेवलेलं पाणी सुटतं आणि सगळी झाडं एकमेकांना बिलगून बसतात. पुन्हा निववलं की नितळ. तापलं की रुसणार, निवलं की हसणार.

पाण्यात क्षार टाकला की मात्र हा आकडा हलतो. काही क्षार रुसवा लांबवतात. काही, विशेषतः सोडियम सल्फेट, पाणी स्वतःकडे ओढून घेतात. मग पॉलिमर लवकर, कमी तापमानालाच दुधाळतं. साध्या दोऱ्यासारख्या पॉलिमरवर सल्फेटची दादागिरी किती चालते, ते सगळ्यांना ठाऊक होतं. थोरल्यांनी शेवटच्या वर्षी लिहिलं की फांद्यांच्या पॉलिमरवर ती निम्मीसुद्धा चालत नाही, कारण आतल्या फांद्या आपलं पाणी लपवून ठेवतात. हे खरं असेल तर क्षारांनी भरलेल्या शरीरात औषध नेणारी कुपी यातून करता येईल. दावा मोठा होता. छापणाऱ्यांनी कळवलं, आधी बाहेरच्या माणसाकडून पडताळणी करा. ते पत्र आलं तेव्हा थोरले नव्हते.

शेवटच्या वर्षी थोरल्यांचा हात थरथरायचा. त्यावरून जिन्यात कुजबुज चालायची, तीही तिने ऐकली होती. ‘आजारी माणसाचे आकडे ते… किती धरायचे?’ दावा टिकला तर थोरल्यांचं शेवटचं काम त्यांच्या नावाने छापलं जाणार होतं. पडला, तर मागे उरणार होता फक्त तो थरथरता हात.

तेव्हा तपासनीस कितीही गोड हसला तरी तो तपासनीस होता.

पहिला आठवडा तिने त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला. माणूस कामाला वाकबगार होता, हे मान्य करणं तिला भाग पडलं. काचेची कुपी तीनदा धुवायचा, मऊ फडक्याने पुसायचा, उजेडाकडे धरून बघायचा, आणि उजेडाकडे बघता बघता कधीकधी कुपीच्या पलीकडे — तिच्याकडे. ती मान वळवायची. मग पाणी कधी दुधाळतं ते टिपणाऱ्या यंत्राच्या काळ्या काचेत बघायची, तर तिथेही तोच.

ती घरी जाताना वहीवर पेन्सिल तिरकी ठेवून जाऊ लागली. कोणी वही उघडली तर कळावं म्हणून. तिसऱ्या दिवशी पेन्सिल बोटभर सरकलेली.

“माझ्या वहीला हात लावलात?”

“पेन्सिल घरंगळत होती. उचलून ठेवली.”

“तिरकी?”

“तिरकी होती म्हणून तिरकी. किती अंशात होती तेही सांगू?”

“सांगा.”

“चाळीसच्या आसपास. काल पस्तीस होती.” तो गंभीरपणे म्हणाला. “तुमचा माझ्यावरचा विश्वास रोज पाच अंशांनी ढळतोय.”

तिला हसू आलं. तिने ते खोकल्यात घालवलं… पण पुरतं नाही.

नुसत्या पाण्यात त्यालाही चौतीस आले. साधं मीठ घातल्यावरचे आकडेही थोरल्यांच्या आकड्यांना मिळाले. प्रत्येक वेळी तो वही तिच्याकडे सरकवायचा आणि म्हणायचा, “तुमचे वडील बरोबर.” प्रत्येक वेळी तिच्या मनात येई, इतक्या सहज कसं म्हणतोय? पुढे काहीतरी मोठं पाडायचं असेल म्हणून आता छोटं देऊन टाकतोय का?

घरी आत्या होती. बाबांची थोरली बहीण. भाऊ गेल्यापासून भाचीजवळ राहायला आलेली, आणि भाचीचा एक शब्द फुकट न जाऊ देणारी.

“आज काय केलं त्या लबाडाने?” आत्या रोज विचारायची.

“आज चहाचा कप माझ्या टेबलाच्या कडेवर ठेवला. मुद्दाम.”

“अगंबाई! आणि?”

“आणि मी तो उचलून त्याच्या टेबलावर ठेवला, तर म्हणतो, चहा तुमच्यासाठीच होता.”

“केवढा बेरकी!” आत्या भाजी निवडता निवडता म्हणाली. “आणि तू प्यालीस?”

“गार झाला असता…”

“हं. संशय घेताना गाल लाल होतात का गं तुमच्याकडे? आमच्या वेळी नुसत्या भुवया वर जायच्या.”

“आत्या!”

“मी काय म्हणाले? भाजीवाल्यावर मीही संशय घेते. पण मी काही त्याचं नाव काढून पदार्थात दोनदा मीठ घालत नाही.”

दुसऱ्या सोमवारी सल्फेटची पाळी आली.

तपासनिसाने आपल्याबरोबर आणलेली बाटली फोडली, पांढरी पूड काट्यावर तोलली, विरघळवली, कुपी यंत्रात ठेवली. ती त्याच्या खांद्यामागे उभी. थोरल्यांचा आकडा तिला तोंडपाठ होता. या मापाच्या सल्फेटला तीस अंश. चौतीसवरून फक्त चार खाली.

पाणी हळूहळू तापत होतं. तेवीस… चोवीस… पंचवीस. आणि पंचविसावर कुपी दुधाळली.

बाहेर खिडकीच्या काचेवर पावसाची बारीक टिपटिप चालू होती.

“पुन्हा करा,” ती म्हणाली.

त्याने पुन्हा केलं. पंचवीस.

“आता मी करते.” ती फडताळाकडे गेली. वरच्या कप्प्यात थोरल्यांच्या बरण्या रांगेने होत्या, प्रत्येकीवर त्यांच्या हातची चिठ्ठी, बुचावर मेणाचा लेप. सल्फेटची बरणी काढली. तोलली, विरघळवली, यंत्रात ठेवली. तीस. बरोबर तीस.

“बघा!”

“बघितलं,” तो म्हणाला. “एकाच यंत्रात, एकाच पॉलिमरवर, एकाच मापाचा एकच क्षार. पाच अंशांचा फरक.”

“तुमच्या बाटलीत काहीतरी आहे.”

“किंवा तुमच्या बरणीत.”

“ती बरणी माझ्या वडिलांची आहे.”

“म्हणून ती खोटं बोलणार नाही?” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण त्यात पहिल्यांदाच थट्टा नव्हती. तो तिच्याकडे बघत होता — त्या कुपीकडे बघायचा तसा, उजेडाकडे धरून. तिला एकदम कळलं की हाही आपल्यावर संशय घेतोय. इतके दिवस संशय ही जणू तिच्या एकटीच्या मालकीची गोष्ट होती. तो असा समोरून आल्यावर ती बावरली, आणि मग चिडली.

“यंत्रच बिघडलंय,” ती म्हणाली.

मंगळवारी संध्याकाळी घरी गेली तर बाहेरच्या खोलीत तो. आत्याने दिलेल्या कपातला चहा पीत, मांडीवर थोरल्यांच्या वह्या.

“अगं, हे आले, म्हणाले वह्या बघायच्यात, मी म्हटलं बघा की,” आत्या निरागसपणे म्हणाली. “माझ्या भावाची वही म्हणजे काही लपवायची गोष्ट नाही. हो ना?”

“मला विचारलं असतंत तर मी आणली असती,” ती त्याला म्हणाली.

“विचारलं असतं तर तुम्ही पानं मोजून आणली असती.”

“मग काय सापडलं?”

त्याने वही मिटली. क्षणभर, अगदी क्षणभर, काहीतरी सांगावं असं त्याच्या चेहऱ्यावर आलं. “अक्षर,” तो म्हणाला. “शेवटी शेवटी अक्षर कापलंय. पण एकही आकडा खोडलेला नाही.”

तो गेल्यावर आत्या बराच वेळ दारात उभी होती. “लबाड म्हणावा, तर वही दोन्ही हातांनी धरत होता गं,” ती एवढंच म्हणाली.

बुधवार आणि गुरुवार धाकटीने यंत्र खोलण्यात घालवले. दिवा बदलला, काच पुसली, थर्मामीटर पुन्हा तपासला. यंत्रात काडीचा दोष निघाला नाही. शेजारच्या टेबलावर भलतीच शांतता होती. चहाचा कप आला नाही. पेन्सिलीवर शेरा आला नाही. ती बघत नसताना तो बघायचा, आणि ती बघू लागली की कागदात डोकं घालायचा. बुधवारी अहवाल द्यायचा होता, तोही त्याने दिला नाही. अपराधी माणूस असाच वागतो, तिने मनाशी म्हटलं. आणि त्याच मनाने विचारलं — मग तुला त्या चहाची आठवण कशाला येतेय?

शुक्रवारी सकाळी ती थोरल्यांची बरणी काढायला गेली. फडताळाच्या कप्प्यात धुळीत एक गोल ठसा होता. बरणी नव्हती.

ती सरळ त्याच्या टेबलापाशी गेली आणि हात पुढे केला. “किल्ली.”

“कशाची?”

“तुम्हाला माहीत आहे कशाची.”

त्याने खिशातून किल्ली काढून तिच्या तळव्यावर ठेवली. त्याच्या टेबलाच्या कुलूपबंद खणात, मऊ फडक्यात गुंडाळलेली, बरणी होती.

“चोरून वर दुलई पांघरलीत!” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं. आकडा पाडायलाच आलात तुम्ही. दुकानात गोड बोललात, घरी येऊन माझ्या आत्याच्या हातचा चहा प्यालात…”

“दोन मिनिटं द्या,” तो म्हणाला. “मग हवं ते बोला. मी उभा राहून ऐकेन.”

त्याने तापणारी तबकडी चाळीस अंशांवर लावली. तिच्यावर काचेच्या दोन बशा ठेवल्या. एकीत स्वतःच्या बाटलीतली चिमूट. दुसरीत थोरल्यांच्या बरणीतली. दोन्ही पांढऱ्या, पिठासारख्या, जुळ्या बहिणींसारख्या.

मिनिटभर काहीच झालं नाही. मग दुसऱ्या बशीतल्या चिमटीची कड ओलसर झाली. ढीग खचला. पांढरं पीठ स्वतःच्याच आत विरघळत गेलं, आणि बशीत एक टपोरा थेंब उरला. पहिली बशी कोरडी ठणठणीत.

तिला एका क्षणात सगळं कळलं.

सोडियम सल्फेट दोन रूपांत मिळतं, हे पहिल्या वर्षाची पोरंही जाणतात. एक कोरडी पूड. दुसरे काचेसारखे खडे, ज्यांच्या प्रत्येक रेणूने पाण्याचे दहा रेणू पोटात धरलेले असतात; तापले की ते त्याच पाण्यात विरघळतात. खडे तोलले तर निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच. त्याच मापाला क्षार निम्मासुद्धा नाही. डोळ्यांनी बघून कोणीही फरक सांगेल — खडा तो खडा, पूड ती पूड. पण या खोलीत थोरल्यांची एक पद्धत होती. कोणताही क्षार आधी खलात दळायचा आणि मगच बरणीत भरायचा, म्हणजे लवकर विरघळतो. दळल्यावर दोन्ही पीठच.

“बरणी संपली गं, धाकटे,” बाबा म्हणाले होते. दीड वर्षापूर्वी, एका दुपारी. त्यांना जिने उतरवत नव्हते, म्हणून भांडारात ती गेली. सारखे दिसणारे दोन डबे शेजारी शेजारी होते. तिने एक उचलला. अर्धा तास खलात घोटत बसली. बाबांनी चिमूट बोटांत चोळून पाहिली होती. “वा! पिठासारखं.”

“वहीत आहे,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “‘सल्फेटची बरणी संपली. धाकटीने नवी भरली. छान दळली आहे.’ सल्फेटचा पहिला आकडा त्यानंतर चार दिवसांनी.”

ते पान तिने किती वेळा वाचलं होतं. त्या ‘छान’साठी.

“बुधवारी सकाळी ही बशी पाहिली,” तो सांगू लागला. “मग बरणी खणात ठेवली, म्हणजे कुणाला काही करता येऊ नये. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. माहीत असून आकडा वाचवताय. आणि… वडिलांसाठी कोणी वाचवला तर त्याला दोष कसा द्यायचा, तेही कळेना.”

“मला वाटलं, तुम्ही तो मारायला आलात.”

“म्हणजे एकमेकांबद्दल आपलं मत अगदी उत्तम होतं.”

ती स्टुलावर बसली. रडू आलं नाही. तीस अंशांचा तो दिवस आठवला. बाबांनी सबंध मजल्याला ऐकू जाईल अशी हाक मारली होती — “हरलं बघ सल्फेट!” त्यानंतर जितके महिने मिळाले, तितके त्या आकड्यावर काढले त्यांनी. डॉक्टरांना सांगायचे, परिचारिकेला सांगायचे, औषध द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगायचे.

“तो सगळा आनंद माझ्या चुकीचा होता,” ती म्हणाली. “मी त्यांना तो दिला, की त्यांना फसवलं?”

“याचं उत्तर मला येत नाही,” तो म्हणाला. समजूत घालायचा प्रयत्न त्याने केला नाही. त्याबद्दल ती पुढे कितीतरी दिवस मनातल्या मनात त्याचे आभार मानणार होती.

मग त्याने एक आलेख तिच्यापुढे सरकवला. आडवं सल्फेटचं प्रमाण, उभं तापमान. उताराची एक रेघ आणि तिच्यावर बारा ठिपके.

“सहा माझे, मंगळवारपर्यंतचे. सहा त्यांचे. त्यांच्या मापातून पाण्याचं वजन वजा केलंय, बाकी काही नाही. ओळखा कुठले कुणाचे.”

तिने कागद उजेडाकडे धरला. जवळ नेला. लांब नेला. ठिपके एकाच रेघेवर, एकापुढे एक, मुंग्यांसारखे.

“नाही ओळखता येत.”

“मलाही नाही आले. वही उघडून बघावं लागलं.” त्याने एका ठिपक्यावर बोट ठेवलं. “हा किंचित खाली गेलेला. तो माझा. त्यांचा एकही ढळलेला नाही. हात थरथरत होता म्हणतात ना? या हाताला काय झालं होतं ते मला तरी या कागदात दिसत नाही.”

तेव्हा मात्र तिचे डोळे भरले. तो उठून खिडकीपाशी गेला आणि पाऊस थांबलाय का, हे गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिला.

“अहवाल लिहिलात?” तिने विचारलं.

लिहिला होता. दावा मागे घ्यावा. आकडे दुरुस्त करून कायम ठेवावेत. कारण — ‘क्षारातील पाण्याचे प्रमाण अनिश्चित होते.’

“हे असं नाही चालणार,” ती म्हणाली. “बरणी कुणी भरली, ते लिहा.”

“गरज नाही. शास्त्राला नाव लागत नाही.”

“जिन्यातल्या लोकांना लागतं. नाव गाळलंत तर ते म्हणतील, म्हाताऱ्याचा हात थरथरला. लिहा — क्षार चुकीच्या डब्यातून धाकटीने भरला. थोरल्यांनी जे हातात आलं ते अचूक तोललं.”

“तुमच्या नावाला डाग लागेल.”

“माझ्याकडे तो धुवायला वीस-पंचवीस वर्षं आहेत. त्यांच्याकडे एक दिवसही नाही.”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग लेखणी उचलली आणि ती सांगत गेली तसं, शब्दाला शब्द, लिहिलं. वाळू दिलं. कागद तिच्यापुढे ठेवला, खाली तिचीही सही लागणार होती.

तिने सवयीप्रमाणे वरपासून खालपर्यंत वाचला. “एक रकाना रिकामा आहे.”

“कुठला?”

“विलंबाचे कारण. अहवाल बुधवारी द्यायचा होता. आज शुक्रवार.”

“तो… राहू द्या.”

“का? बुधवारी बशी पाहिलीत. वजनं केलीत. आलेख काढायला कितीसा वेळ लागतो? दोन दिवस काय करत होतात?” जुना संशय फणा काढून उभा राहिला, पण या वेळी त्याच्या आवाजात तिला काहीतरी निराळं ऐकू आलं.

“तुम्हाला माहीत आहे का, ते बघत होतो.”

“ते एका वाक्यात विचारता आलं असतं.”

“आलं असतं.” तो फडक्याची घडी करू लागला, उघडू लागला, पुन्हा करू लागला. “पण विचारलं की काम संपलं असतं. काम संपलं की परत जाणं आलं. म्हणून… खरं कारण लिहिलं तर प्रमुखबाई कागद परत फेकतील.”

“आज या खोलीत खोटं काही लिहायचं नाही, असं ठरलंय ना?”

“ठरलंय?”

“आत्ताच. मी ठरवलं. लिहा.”

त्याने कागद ओढून घेतला, हाताचा आडोसा केला, परीक्षेतल्या पोरासारखा. लिहिलं. कागद उलटा करून तिच्याकडे सरकवला आणि स्वतः छताकडे बघू लागला.

तिने सुलटा केला. रकान्यात, सरकारी थाटाच्या भाषेत, एकच ओळ होती — ‘सदर तपासनिसाचा जीव येथे जडल्यामुळे.’

तिने ओळ एकदा वाचली. पुन्हा वाचली. कान तापल्यासारखे वाटले.

“यात त्रुटी आहे,” ती म्हणाली.

त्याने छतावरची नजर खाली आणली. “कोणती?”

“माहिती अपुरी आहे. एकाच बाजूची.”

तिने लेखणी घेतली. ‘तपासनिसाचा’ या शब्दापुढे एक खूण केली आणि वर, बारीक अक्षरात, तीन शब्द घातले. मग खाली स्वतःची सही केली आणि कागद उचलून, त्याच्याकडे न बघता, चालू लागली. दारापर्यंत पोचली तरी मागे काहीच आवाज नाही, म्हणून वळून पाहिलं. प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असलेला माणूस तिथल्या तिथे उभा होता, हातात फडकं, तोंड थोडं उघडं.

“येताय ना?” ती म्हणाली. “दोघांनी मिळून द्यायचा असतो.”

प्रमुखबाईंनी चष्मा नाकावर ओढला आणि अहवाल वाचला. दावा मागे, हे वाचताना त्यांनी एक सुस्कारा सोडला. बरणी कुणी भरली, तिथे थांबल्या, धाकटीकडे चष्म्यावरून पाहिलं आणि हलकेच मान डोलावली. आलेखावर बराच वेळ बोट फिरवलं.

“हात चांगला होता माणसाचा,” त्या म्हणाल्या. “हे मी स्वतः जिन्यात वाचून दाखवणार आहे.”

मग शेवटचा रकाना आला. त्यांनी तो वाचला. कागद डोळ्यांजवळ नेला. लांब धरला. आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत, वाचला —

“सदर तपासनिसाचा… व शेजारच्या टेबलाचाही… जीव येथे जडल्यामुळे.”

तपासनीस बुटांकडे बघत होता. धाकटी भिंतीवरच्या घड्याळाकडे.

“टेबलाला जीव असतो,” प्रमुखबाई म्हणाल्या, “हे मला नोकरीच्या तिसाव्या वर्षी कळतंय. तपासून घेतलंत ना दोघांनी? नीट?”

“एकदाच,” धाकटी म्हणाली. “अजून बरंच तपासायचंय.”

“मग इथे कशाला उभे आहात?” बाईंनी शिक्का शाईत दाबला, रकान्यावर उमटवला आणि खाली आपल्या करकरीत अक्षरात लिहिलं — कारण ग्राह्य.